आंबा, अणू आणि दूतावासातली माणसं

२ मार्च २००६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांची दिल्लीत भेट झाली. ती लोकांच्या लक्षात राहिली अणुकरारामुळे. भारताने आपल्या नागरी आणि लष्करी अणुभट्ट्या वेगळ्या करण्याचा आराखडा मांडला, अमेरिकेने तो स्वीकारला, आणि पुढच्या अडीच वर्षांत परदेशी अणुभट्ट्या भारतात येण्याचा रस्ता मोकळा झाला. त्याच भेटीत भारतीय आंब्याचाही प्रश्न मार्गी लागला. १९८९ पासून अमेरिकेत आपल्या आंब्याला बंदी होती. ती उठवण्याचं ठरलं आणि बुश यांनी भारतीय आंबे खायला आपण उत्सुक असल्याचं जाहीरपणे सांगितलं. अणुकरारावर देशभर दोन वर्षं वाद झाला, सरकार पडायची वेळ आली. आंब्याची बातमी मात्र कौतुकाने वाचली गेली आणि विसरली गेली.

रत्नागिरी जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी पोचल्या. आंब्याच्या निर्णयाने आमच्या कलमांच्या बागांना अमेरिकेची वाट दाखवली. अणूच्या निर्णयाची वाट फ्रान्समार्गे राजापूर तालुक्यात, माडबनच्या सड्यावर येऊन थांबली. दोन्हींच्या मुळाशी अणुविज्ञानच होतं, कारण अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया करावी लागते. एकाच जिल्ह्याने एकाच दशकात अणूचं एक रूप आपल्या पेटीवर छापून घेतलं आणि दुसऱ्याविरुद्ध मोर्चे काढले. हे असं का झालं, हा या पुस्तकामागचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना मी ज्या माणसांपाशी येऊन पोचलो, त्यांच्याविषयी मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. ही माणसं म्हणजे दूतावासांच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागात काम करणारे अधिकारी आणि कर्मचारी.

करारावर सह्या होतात तो क्षण सगळ्यांना दिसतो. त्याआधीची काही वर्षं आणि नंतरची कित्येक वर्षं तो करार ज्यांना चालवावा लागतो, ते कुणाला दिसत नाहीत. वॉशिंग्टन, बर्लिन, मॉस्को आणि टोकियो इथल्या भारतीय दूतावासांत केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याने पाठवलेले सल्लागार असतात. ते परराष्ट्र सेवेतले नसतात, शास्त्रज्ञ असतात. पॅरिस आणि व्हिएन्नासारख्या ठिकाणी अणुऊर्जा खात्याचा माणूस असतो. अवकाश खात्याचे प्रतिनिधी वॉशिंग्टन आणि पॅरिसमध्ये असतात. ब्रसेल्सच्या आपल्या दूतावासात शेती आणि सागरी उत्पादनं पाहणारा सल्लागार असतो. दिल्लीत चाणक्यपुरीत याच्या उलट बाजूची माणसं भेटतात. फ्रेंच दूतावासात विज्ञान विभागाखेरीज अणुऊर्जेसाठी वेगळा सल्लागार आहे. अमेरिकन दूतावासात शेतीखात्याचं कार्यालय आहे, आणि पिकांच्या किडी-रोगांवर लक्ष ठेवणाऱ्या त्यांच्या संस्थेचा माणूसही आहे. ब्रिटनने तर विज्ञान आणि नवोपक्रमासाठी जगभरच्या आपल्या दूतावासांत एक स्वतंत्र जाळंच उभारलं आहे.

ही सोय दुसऱ्या महायुद्धात आकाराला आली. १९४१ मध्ये ब्रिटनने वॉशिंग्टनला आपलं केंद्रीय विज्ञान कार्यालय उघडलं आणि चार्ल्स गाल्टन डार्विन या भौतिकशास्त्रज्ञाला, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनच्या नातवाला, तिथे प्रमुख नेमलं. युद्धाला लागणारं संशोधन दोन देशांमध्ये वाटून घ्यायचं तर पत्रव्यवहार पुरत नाही, विषय समजणारा माणूस तिथे बसलेला लागतो, हे तेव्हा पटलं. भारताचाही त्याच काळाशी संबंध आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल १९४३-४४ मध्ये भारतात येऊन गेले आणि त्यानंतर शांतिस्वरूप भटनागर, मेघनाद साहा आदी भारतीय शास्त्रज्ञांचं शिष्टमंडळ ब्रिटन-अमेरिकेचा दौरा करून आलं. स्वतंत्र भारताच्या प्रयोगशाळांची आखणी करताना त्या दौऱ्याचा उपयोग झाला. या इतिहासाला पुस्तकात एक प्रकरण दिलं आहे, इथे एवढं पुरे.

या माणसांचं रोजचं काम नेमकं काय? आपल्या देशात ज्या गोष्टीला पुरावा मानतात, ती दुसऱ्या देशाला पुरावा म्हणून मान्य करायला लावणं, हे त्या कामाचं सार आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक देशाच्या प्रयोगशाळा वेगळ्या, मोजमापाच्या पद्धती वेगळ्या, कायदे वेगळे, आणि भीतीही वेगळ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं फळमाशीचा अभ्यास केलेला असतो. ब्रसेल्सच्या समितीसमोर तो अभ्यास तसाच नेऊन ठेवला तर कुणी उघडूनही पाहणार नाही. त्यांना हव्या त्या आराखड्यात, त्यांना हव्या त्या तपशिलांसह तो मांडावा लागतो, त्यांच्या शंका परत इथे आणाव्या लागतात, इथल्या शास्त्रज्ञाला त्या न चिडता समजावून सांगाव्या लागतात. पुन्हा पाठवावं लागतं. दोन्ही बाजूंना विज्ञान कळणारा आणि दोन्ही बाजूंची कार्यालयं ओळखणारा माणूस मध्ये नसेल तर कागद वर्षानुवर्षं पडून राहतो.

आंब्याचंच पाहू. अमेरिकेची मुख्य धास्ती दोन किड्यांची होती, फळमाशी आणि कोयीतला भुंगा. फळमाशीसाठी बागेत काही तरी करता येतं. कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आमच्या बागांत फांद्यांना टांगलेला दिसतो, त्यातल्या गंधाकडे नर माश्या ओढल्या जातात. पण भुंगा कोयीच्या आत असतो. फळ वरून निर्दोष, देठ ताजा, रंग उत्तम, आणि आत भुंगा. कापल्याशिवाय तो दिसत नाही आणि कापलेलं फळ विकता येत नाही. यावर तोडगा निघाला तो विकिरणाचा. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण फळातून आरपार जातात. फळ त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. किमान ४०० ग्रे एवढी मात्रा फळाच्या प्रत्येक भागाला मिळाली की आतल्या किडीची पुढची पिढी जन्माला येत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते दूतावासातल्या या कामाची सगळी गुंतागुंत त्यात आहे. ४०० ग्रे मात्रेने कीड तिथल्या तिथे मरतेच असं नाही. ती जिवंत राहू शकते, फक्त तिची वंशवाढ थांबते. म्हणजे न्यूयॉर्कच्या विमानतळावर तपासनीसाने फळ कापलं आणि आत जिवंत भुंगा निघाला, तरी ते फळ नियमाने निर्धोक असू शकतं. आणि प्रक्रिया झालेला आंबा आणि न झालेला आंबा शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. मग प्रक्रिया झाली हे सिद्ध कशाने होणार? मात्रा मोजणाऱ्या साधनाच्या नोंदीने, आणि त्या नोंदीखाली असलेल्या सहीने. शेवटी एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशातल्या एका सहीवर विश्वास ठेवायचा असतो. तो विश्वास बसण्यासाठी अमेरिकेच्या शेतीखात्याचा निरीक्षक हंगामभर इथल्या विकिरण केंद्रात हजर राहील, त्याचा खर्च भारताने उचलायचा, अशी व्यवस्था ठरली.

केंद्र कोणतं निवडलं गेलं हेही पाहण्यासारखं आहे. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये कृषक हे विकिरण केंद्र उभारलं होतं, ते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. अमेरिकन तपासणीनंतर तेच केंद्र आंब्यासाठी मान्य झालं. त्यामुळे रत्नागिरीचा हापूस आधी घाट चढून कांद्याच्या बाजारपेठेत जाऊ लागला आणि तिथून मुंबईच्या विमानतळावर. १२ मार्च २००७ रोजी अमेरिकेचा अंतिम नियम प्रसिद्ध झाला, आणि एप्रिलच्या अखेरीला हापूस आणि केशरच्या १५० पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच सुमारास भारताने हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींच्या आयातीसाठी धुराच्या मानकांचा प्रश्न सोडवला. लोकांनी हा व्यवहार आंब्याच्या बदल्यात मोटारसायकल असा लक्षात ठेवला. तो तसा होताही. पण दोन्हीकडे अडलेलं होतं ते तांत्रिक मानकांपाशी, एकीकडे किडीचं मानक आणि दुसरीकडे धुराचं. ही मानकं एकमेकांना समजावून सांगणारी माणसं नसती तर मंत्र्यांना जाहीर करायला काही मिळालं नसतं.

पुढे वाशीला राज्याच्या कृषी पणन मंडळाचं विकिरण केंद्र झालं, लासलगावचा फेरा टळला. रत्नागिरीत नाचण्याला हापूससाठी निर्यात सुविधा केंद्र आहे. जपानची अट आणखी वेगळी. तिथली बंदी १९८६ पासूनची, ती जून २००६ मध्ये उठली, पण त्यांना विकिरण नको होतं. गरम बाष्पाने फळाच्या गाभ्याचं तापमान ४७.५ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन २० मिनिटं तिथे ठेवायचं, आणि तेही जपानी निरीक्षकाच्या नजरेसमोर. युरोप धरला तर एका फळासाठी तीन बाजारपेठांच्या तीन प्रक्रिया, आणि प्रत्येकीमागे एका दूतावासाचा पत्रव्यवहार. बागायतदाराला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो पेटीमागे मिळालेला किंवा न मिळालेला भाव.

युरोपने २०१४ मध्ये दिलेला झटका जिल्ह्यात अजून लोकांच्या बोलण्यात येतो. आधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या भाज्या-फळांच्या २०७ खेपांमध्ये कीड सापडली होती. १ मेपासून युरोपीय संघाने आंबा आणि चार भाज्या बंद केल्या. आंबा काढणीचा ऐन हंगाम. झाडावर फळ तयार, आढ्या लावलेल्या, गाड्या ठरलेल्या. त्या आठवड्यांत ब्रसेल्स, लंडन आणि दिल्ली यांच्यामध्ये जे काम झालं ते राजकीय भाषणांचं नव्हतं. कीड कुठे शिरते, पॅकहाउसमध्ये तपासणी कशी होते, ४८ अंशांच्या पाण्यात फळ ६० मिनिटं बुडवलं तर माशीची अंडी मरतात हे दाखवणारी माहिती कुठली, कुठली बाग कुठल्या पॅकहाउसला माल देते याची नोंद कशी ठेवणार, असे ते प्रश्न होते. युरोपीय तपासणी पथक येऊन गेलं. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवण्याचं ठरलं, ठरलेल्या मुदतीच्या जवळजवळ वर्षभर आधी. बागांची मँगोनेटवर नोंदणी हे आज आमच्या बागायतदाराच्या अंगवळणी पडलेलं काम आहे. त्यातली शिस्त या बंदीतून आली.

कोरोनाच्या काळात अमेरिकन निरीक्षक येऊ शकला नाही आणि २०२० व २०२१ या दोन्ही हंगामांत अमेरिकेला आंबा गेला नाही. फळ होतं, केंद्र होतं, कोबाल्ट होता. सही करणारा माणूस नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही देशांनी नवी व्यवस्था ठरवली, देखरेखीची जबाबदारी टप्प्याटप्प्याने भारताकडे यायची. आपल्याकडून आंबा आणि डाळिंब, तिकडून चेरी आणि जनावरांच्या चाऱ्याचं लसूणघास. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत प्रक्रिया झालेल्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडल्या, कारण विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी होती. फळात दोष सापडल्याचं कुणी म्हटलं नाही. निर्यातदारांनी ते आंबे तिकडेच नष्ट केले. ज्या फळाच्या निर्धोकपणाचा एकमेव पुरावा कागद आहे, त्याच्या कागदात चूक झाली की फळही गेलं. झाडावर वर्षभर राखण करणाऱ्या माणसासाठी हे फार कठोर आहे, आणि तरीही ते का होतं हे त्याला कळण्याचा हक्क आहे. हे पुस्तक लिहिण्याचं एक कारण तेच आहे.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर हीच गोष्ट मासळीच्या रूपात येते. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात समुद्री कासवं अडकून गुदमरतात. त्यांना बाहेर पडता यावं म्हणून जाळ्यात तिरपी लोखंडी चौकट आणि वर सुटकेचं तोंड बसवायचं असतं, टेड या नावाने ते साधन ओळखलं जातं. ज्या देशाच्या ट्रॉलर्सवर ते नाही त्या देशाची समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिका घेत नाही. १९९६ मध्ये भारताने मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंडबरोबर जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध दाद मागितली होती. २०१९ पासून भारताची समुद्रातली कोळंबी तिकडे बंद झाली. मच्छीमारांना भीती वाटते ती चौकटीतून मासळी निसटण्याची, आणि ही भीती खोटी म्हणून झटकण्याजोगी नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या समुद्राला आणि मासळीला मानवेल असं टेड तयार केलं. तिथले शास्त्रज्ञ आणि अमेरिकेचे सागरी शास्त्रज्ञ यांची गाठ घालून देणं, चाचण्या ठरवणं, प्रमाणपत्राची बोलणी करणं, हे पुन्हा दूतावासातल्या विज्ञान विभागाचंच काम. आणि याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखत आहेत. वेळासच्या किनाऱ्यावरचं हे काम वॉशिंग्टनच्या फायलीत आपल्या बाजूचा पुरावा म्हणून का जाऊ नये, असं मला फार वाटतं. कासवं वाचवण्याची कळकळ आमच्या किनाऱ्याला बाहेरून शिकवावी लागलेली नाही.

आता माडबन.

सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने व्हिएन्नात भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली. महिना संपायच्या आत, ३० सप्टेंबरला, भारताने फ्रान्सशी अणुसहकार्याचा करार केला, अमेरिकेशी सही होण्याच्याही आधी. फ्रान्सशी हे नातं नवीन नव्हतं. आपल्याच राज्यातल्या तारापूरच्या भट्ट्यांना १९६३ च्या करारानुसार अमेरिकेचं इंधन मिळायचं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर ते अडलं, तेव्हा १९८०च्या दशकात फ्रान्सने ते पुरवलं. १९८७ मध्ये दोन्ही देशांनी मूलभूत संशोधनासाठी दिल्लीत एक संयुक्त केंद्र सुरू केलं, ते आजही चालू आहे. म्हणजे विश्वासाची जमीन तयार होती, निदान दिल्ली आणि पॅरिस यांच्यात. डिसेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी आले आणि ६ तारखेला माडबनच्या सड्यावर होऊ घातलेल्या जैतापूर अणुप्रकल्पाच्या करारावर सही झाली. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा ईपीआर भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. त्याच्या आठवडाभर आधी, २८ नोव्हेंबरला, ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी दिली गेली होती. पाहुणा दारात यायच्या आधी मंजुरी झाली पाहिजे, असा तो क्रम जिल्ह्यातल्या लोकांना दिसला, आणि तो तसा दिसल्यावर पुढे कितीही चांगलं विज्ञान सांगितलं तरी कानावर पडेना.

माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या परिसरातली सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. सरकारी नोंदीत त्यातली बरीच ओसाड होती. सड्यावर पावसाळ्यात काय उगवतं, कातळाच्या कडेला लावलेली कलमं किती पिढ्यांची आहेत, गुरं कुठे चरतात, हे ज्याला ठाऊक आहे तो ओसाड हा शब्द वापरणार नाही. १६ मे २०१० च्या जनसुनावणीत लोकांची तक्रार होती की पर्यावरण अहवालाची मराठी प्रत सगळ्या ग्रामपंचायतींना वेळेवर मिळालीच नाही. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न सरळ होता: भट्टी थंड करून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने खाडीतली आणि किनाऱ्याजवळची मासळी राहील का? ११ मार्च २०११ ला फुकुशिमा घडलं. १८ एप्रिलला साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. हे लिहिताना माझा हात जड होतो. वीजप्रकल्पाविषयी कुणाचं काहीही मत असो, एका देशाच्या विज्ञानावर दुसऱ्या देशाने विश्वास ठेवावा म्हणून दहा वर्षं खपणाऱ्या व्यवस्थेला, त्या विज्ञानाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचा विश्वास मिळवायला दहा दिवसही सापडले नाहीत.

भूकंपाच्या वादात हे आणखी स्पष्ट दिसलं. कोलोरॅडो विद्यापीठाचे रॉजर बिल्हॅम आणि बंगळूरचे विनोद गौर या भूकंपशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये करंट सायन्स या भारतीय नियतकालिकात जैतापूर परिसराच्या भूकंपीयतेवर निबंध लिहिला. भूगर्भीय इतिहासाची आपल्याकडची नोंद अपुरी आहे, धोका कमी लेखू नये, असा त्यांचा रोख होता. प्रकल्पाच्या बाजूच्या तज्ज्ञांनी तो खोडून काढला. शास्त्रात असं व्हायचंच. पण २०१२ मध्ये बिल्हॅम यांना दिल्ली विमानतळावरूनच परत पाठवण्यात आलं, आणि त्याचा संबंध त्यांनी या संशोधनाशी जोडला. व्हिसा हा वरवर किरकोळ कागद. पण दूतावासाच्या विज्ञान विभागाच्या कामात शास्त्रज्ञाच्या येण्याजाण्याची वाट खुली ठेवणं सर्वांत आधी येतं. आपल्याला न पटणारा निष्कर्ष घेऊन येणाऱ्या शास्त्रज्ञासाठी ती वाट खुली राहिली, तरच पटणाऱ्या शास्त्रज्ञाच्या शब्दाला लोकांत किंमत राहते.

पुढे काय झालं ते थोडक्यात. भट्टी देणारी अरेव्हा कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय इडीएफ या फ्रेंच वीजकंपनीकडे गेला. फिनलंडच्या ओल्किलुओटोमध्ये २००५ मध्ये बांधायला घेतलेली ईपीआर भट्टी नियमित वीज देऊ लागली एप्रिल २०२३ मध्ये. फ्रान्समधल्या फ्लामांव्हिलच्या भट्टीचं बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं आणि ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ आले तेव्हा जैतापूरसाठी पुढचा आराखडा ठरला, एप्रिल २०२१ मध्ये इडीएफने आपला तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव दिला. या सगळ्या काळात फ्रेंच दूतावासातले अणुसल्लागार बदलत गेले, पॅरिसमधले आपलेही बदलत गेले.

मी या पुस्तकात या अधिकाऱ्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांना बोल लावणं सोपं आहे. त्यांचं नेमणूकपत्र त्यांना सरकारशी बोलायला सांगतं, गावाशी नाही. यजमान देशाच्या अंतर्गत बाबींत ढवळाढवळ न करण्याचं बंधन १९६१ च्या व्हिएन्ना कराराने त्यांच्यावर घातलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. फ्रान्सचा अणुसल्लागार निवेलीच्या चावडीवर बसून लोकांना समजावू लागला असता तर मीच पहिला आक्षेप घेतला असता. पण लोकांचे प्रश्न त्याच्यापर्यंत पोचवायचे कुणी? आंब्याच्या बाबतीत ते पोचले. बागायतदार, दापोलीचा शास्त्रज्ञ, तालुका कृषी अधिकारी, पणन मंडळ, निर्यातदार, दिल्लीतलं वनस्पती संरक्षण संचालनालय आणि मग दूतावास, अशी साखळी होती. ती कुरकुरत चालली, पण कुठे तुटली नाही. परदेशी निरीक्षक पॅकहाउसमध्ये येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्यासमोर आंबा हाताळणारी बाई उभी होती, आणि ती कसं हाताळते यावर त्याचा निर्णय अवलंबून होता. माडबनच्या बाबतीत अशी साखळी बांधलीच गेली नाही. मच्छीमाराचा गरम पाण्याविषयीचा प्रश्न हा शास्त्रीय प्रश्न होता. तो कायदा-सुव्यवस्थेच्या फायलीत गेला. तो विज्ञानाच्या फायलीत गेला असता, त्याच्यासाठी किनाऱ्यावर काही वर्षं मोजमापं झाली असती, ती मराठीत गावापुढे ठेवली गेली असती, आणि उत्तर प्रतिकूल आलं असतं तर ते मान्य करण्याची तयारी दाखवली गेली असती, तर लोकांचा निर्णय काय झाला असता हे मी सांगू शकत नाही. पण तो निर्णय त्यांचा झाला असता.

रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. इथली मुलं-मुली पदव्या घेतात आणि मुंबई-पुण्याला जातात. त्यांच्यातल्या कुणाला असं वाटलं पाहिजे की टोकियो, बर्लिन किंवा ब्रसेल्सच्या दूतावासातली ती खुर्ची आपल्यासाठीही आहे. तिथे जाऊन बसणाऱ्या माणसाला फळमाशी पुस्तकात वाचून माहीत असण्यापेक्षा, आंबा झेल्याने कसा उतरवतात, देठ किती ठेवतात, चीक पडला तर फळाचं काय होतं, हे हाताने माहीत असणं फार मोलाचं आहे. वाटाघाटीत समोरचा अधिकारी एखादी अट घालतो तेव्हा ती बागेत पाळता येईल की नाही, हे क्षणात कळणारा माणूस लागतो. ही अट चालणार नाही, त्याऐवजी अमुक करता येईल, असं तिथल्या तिथे सांगू शकणाऱ्या माणसाने वाचवलेला हंगाम कुठल्याही अहवालात दिसत नाही.

शेवटी एका वर्गाविषयी लिहायचं आहे. परदेशी दूतावासांच्या विज्ञान आणि शेती विभागांत भारतीय कर्मचारी असतात, तज्ज्ञ, भाषांतरकार, सचिव, प्रशासकीय सहायक. परदेशी अधिकारी तीन-चार वर्षांनी बदलून जातो. हे लोक पंधरा-वीस वर्षं तिथेच असतात. २००७ चा पत्रव्यवहार कुठल्या कपाटात आहे, मागच्या वेळी कुठल्या मुद्द्यावर बोलणी अडली होती, राज्याच्या कृषी खात्यात कुणाला फोन केला तर काम होतं, हे नव्या अधिकाऱ्याला त्यांच्याकडूनच कळतं. व्हिएन्ना कराराने अधिकाऱ्याला जी संरक्षणं दिली आहेत ती यजमान देशाचे नागरिक असलेल्या या कर्मचाऱ्यांना त्याच प्रमाणात मिळत नाहीत. दोन देशांचं बिनसलं की सर्वांत आधी त्यांचीच कुचंबणा होते. विभागाची सगळी स्मृती त्यांच्यापाशी असते आणि कराराच्या छायाचित्रात ते कधीच नसतात.

पुस्तकाचे तीन भाग केले आहेत, पण ते सारख्या लांबीचे नाहीत. आंब्याचा भाग सर्वांत मोठा आहे, कारण तिथे सांगण्याजोगं सर्वांत जास्त आहे. अणूच्या भागात मी प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात असलेल्या दोन्हींचे तांत्रिक मुद्दे त्यांच्या त्यांच्या शब्दांत, पूर्ण दिले आहेत. माझं मत त्यात मिसळलेलं नाही, ते वेगळ्या प्रकरणात आहे. मासळीचा भाग छोटा आहे, कारण ती गोष्ट अजून चालू आहे. मंत्री, राष्ट्राध्यक्ष आणि ज्यांचे निबंध प्रसिद्ध आहेत असे शास्त्रज्ञ यांची नावं जिथे लागतील तिथे आहेत. दूतावासांत नोकरी करणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांची आणि बागा-होड्यांवर काम करणाऱ्यांची नावं मात्र दिलेली नाहीत. पहिल्यांची नोकरी आहे, दुसऱ्यांना हंगाम संपल्यावर त्याच अधिकाऱ्यांकडे पुन्हा जायचं आहे.